गाडीने ऑस्ट्रिया, सोबत सासू-सासरे, वर श्रावण : तयारी कशी करू?

मोगरा · ६ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही न्यूर्नबर्गजवळ राहतो. मी, नवरा आणि सात वर्षांची लेक. सासू-सासरे जूनमध्ये साताऱ्याहून पहिल्यांदाच इकडे आलेत आणि गणपतीच्या आत परत जायचं म्हणतात. त्याआधी ९ ते १६ ऑगस्ट असा आठवडा ऑस्ट्रियात त्सेल आम झे इथे स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलंय. शनिवार ते शनिवार. गाडी स्वतःची, आम्हा दोघांकडेही जर्मन परवाना आहे, पण परदेशात आणि डोंगरात गाडी घालायची ही पहिलीच वेळ.

सासरे ७१ वर्षांचे. पाच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, गोळ्या चालू आहेत. सासूबाई ६६, गुडघे दुखतात. त्या अंडंही खात नाहीत आणि श्रावणात कांदा-लसूण बंद. दोघांनाही "बर्फाचे डोंगर" जवळून बघायचेत, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवलीय. ती नीट पुरी व्हावी असं मनापासून वाटतं.

विन्येट, म्हणजे ऑस्ट्रियाच्या महामार्गांचा टोलपास, कुठून घ्यायचं, गाडीत काय काय ठेवायचं, त्यांचा व्हिसा तिकडे चालतो ना, खायचं काय, काय दाखवायचं, काय टाळायचं? सुचेल ते सगळं सांगा.


इसारकाठ · ७ जुलै

मोगराताई, विन्येट आणि रस्ते नंतर. आज रात्री जेवणं झाली की पाचही जणांची कागदपत्रं टेबलावर मांडा आणि एकेक तारीख डोळ्यांनी बघा. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतोय.

ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे म्हणून "तिकडे कोण विचारतंय" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. जाताना बहुतेक वेळा खरंच कोणी विचारत नाही. पण परत येताना जर्मनीच्या हद्दीवर तपासणी असते. ऑस्ट्रियाच्या बाजूने ती सप्टेंबर २०१५ पासून सुरूच आहे आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर ती लावलीय. महामार्गावर ठरलेल्या जागी थांबवतात, आडवाटेवरही थांबवू शकतात. आपण भारतीय पासपोर्टवाले, त्यामुळे पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही मूळ प्रती लागतात. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. लेकीचाही पासपोर्ट आणि तिचं स्वतंत्र कार्ड हवं. मुलांचे भारतीय पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात आणि ते कधी संपले हे घरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

सासू-सासऱ्यांच्या व्हिसाच्या स्टिकरवर "शेंगेन देशांसाठी वैध" असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर ऑस्ट्रिया त्यात आला. सिंगल एंट्री असली तरी अडत नाही, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडत नाही. त्यांच्या विमा पॉलिसीची छापील प्रत आणि मदतीचा फोन नंबर पासपोर्टच्याच पिशवीत ठेवा.


मोगरा · ७ जुलै, रात्री उशिरा

इसारकाठ, तुमचे आभार कसे मानू? बाकी सगळ्यांचं ठीक आहे. माझं कार्ड १२ ऑगस्टला संपतंय. म्हणजे सहलीच्या बरोब्बर मधोमध. कंपनी बदलल्यावर मिळालेलं कार्ड होतं, माझ्या डोक्यात पुढचं वर्ष होतं. आता काय? मी घरी थांबू आणि बाकीच्यांना पाठवू का?


इसारकाठ · ८ जुलै

घाबरू नका. अजून महिना हातात आहे आणि हे निस्तरता येतं. फक्त आजच हलायला हवं.

मुदतवाढीचा अर्ज कार्ड संपायच्या आधी गेला पाहिजे. हे कळीचं. तो वेळेत गेला की रेसिडेन्स कायद्याच्या कलम ८१ पोटकलम ४ प्रमाणे तुमचा जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू आहे असं धरलं जातं. तसं लिहिलेला कागद मिळतो, त्याला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. नाव तोंडात बसत नाही, पण कागद सोन्यासारखा आहे. मात्र तो मागावा लागतो. अर्जासोबतच प्रवासाच्या तारखा कळवा, अपार्टमेंटचं बुकिंग जोडा आणि हा कागद हवा असं स्पष्ट लिहा.

हातात आला की तिसरं पान उघडा. तिथे तीन चौकोन असतात. खूण तिसऱ्या चौकोनावर हवी, म्हणजे "आधीचा परवाना चालू असल्याचं मानलं जातं" या ओळीवर. त्या खुणेने तुम्ही शेंगेनमध्ये फिरू शकता आणि जर्मनीत परत येऊ शकता, पण मुदत संपलेलं जुनं कार्ड आणि पासपोर्ट सोबत हवाच. पहिल्या किंवा दुसऱ्या चौकोनावर खूण असेल तर बाहेर जायचं नाही, कारण त्यावर परत येता येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने चौकोन न बघता भारतात जायचं तिकीट काढलं आणि परतीला तिथून नव्याने व्हिसा करावा लागला. सहा आठवडे गेले.

जुनं कार्ड फेकू नका, कोणी मागितलं तरी मूळ देऊन टाकू नका.


घाटवाट · ८ जुलै

कागदांचं इसारकाठ यांनी मार्गी लावलंय, मी गाडीचं बघतो. बारा वर्षं दर उन्हाळ्यात तिकडे जातो.

आधी वाट. तुमची सगळ्यात मोठी अडचण घाट नाही, शनिवार आहे. ऑगस्टमधल्या शनिवारी सगळ्या अपार्टमेंटांचे पाहुणे एकाच दिवशी बदलतात आणि बव्हेरियाच्या शाळांना सुट्टी असते. म्युनिक ते साल्झबुर्ग हा ए-८ महामार्ग दहानंतर तुंबतो. न्यूर्नबर्गहून पहाटे पाचला निघा. म्युनिकला बाहेरून वळसा घाला, मग ए-८ ने झीग्सडॉर्फपर्यंत, तिथे उतरून इन्त्सेल, श्नाइत्सलरॉयथ, लोफर, झालफेल्डन आणि त्सेल. झीग्सडॉर्फनंतर सगळा साधा रस्ता आहे, दोन्ही बाजूंना डोंगर, नदी सोबत चालते. या वाटेला ऑस्ट्रियाचा महामार्ग लागतच नाही, म्हणजे विन्येटही लागत नाही.

तुंबलेल्या महामार्गावर गाड्या थांबू लागल्या की लगेच रुग्णवाहिकेसाठी मधली गल्ली करायची. सगळ्यात डावी रांग डावीकडे सरकते, बाकीच्या उजवीकडे. जर्मनीसारखंच आहे, ऑस्ट्रियात २०१२ पासून सक्तीचं.

आणखी एक. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिरोल प्रांतातल्या बऱ्याच भागांत पुढे जाणाऱ्या गाड्यांना महामार्ग सोडून गावांतून जायला बंदी असते. मोबाइलचा नकाशा "दहा मिनिटं वाचतील" म्हणत तुम्हाला खाली उतरवतो आणि चौकात पोलिस परत फिरवतात. तिकडे फिरायला गेलात तर नकाशापेक्षा पाटीवर विश्वास ठेवा.

गाडीत प्रथमोपचार पेटी, त्रिकोण आणि चकाकणारं जॅकेट. जॅकेट डिकीत नको, हाताशी हवं, कारण महामार्गावर गाडी बंद पडली तर ते घालूनच बाहेर पाऊल टाकायचं. पाच माणसांना पाच घ्या, फार महाग नसतात. लेकीची उंची १३५ सेंटीमीटरच्या आत असेल तर ऑस्ट्रियात तिला मुलांची सीट लागतेच. जर्मनीत तर १२ वर्षं किंवा १५० सेंटीमीटरपर्यंत लागते, त्यामुळे सीट काढूच नका. महामार्गावर १३० ची मर्यादा आहे. काही पट्ट्यांत हवेच्या प्रदूषणासाठी १०० ची पाटी असते, तीही तितकीच खरी. मार्च २०२४ पासून बेफाम वेगात सापडलं तर गाडीच जप्त होऊ शकते.

पेट्रोल ऑस्ट्रियात बहुधा स्वस्त पडतं. तिथे पंपांना दिवसातून एकदाच, दुपारी बाराला, भाव वाढवायची मुभा आहे. कमी कधीही करता येतो. म्हणून टाकी सकाळी साडेअकराच्या सुमाराला भरावी. महामार्गावरच्या पंपावर नाही, गावातल्या पंपावर.

आता घाट. बर्फाचे डोंगर जवळून बघायचेत तर ग्रोसग्लोकनरचा रस्ता कराच. ४८ किलोमीटर, ३६ वळणं, ३ ऑगस्ट १९३५ ला खुला झाला, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा नुकतीच नव्वद वर्षं झालेली असतील. त्सेलकडून ब्रुक, फुश, फेरलाइटन असा चढायचा. फेरलाइटनला टोलनाका आहे, गाडीचे दिवसाचे चाळीस युरोच्या वर जातात. महाग वाटतं, पण गाडीत बसल्या बसल्या गुडघे न दुखवता २,५०० मीटरवर नेणारा असा दुसरा रस्ता आसपास नाही.

चढ १२ टक्क्यांपर्यंत आहे. चढताना गाडी आपोआप नीट चालते, चूक उतरताना होते. आपल्याकडे वरंधा घाटात ट्रकवाले जे सांगतात तेच इथे : ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. दुसरा किंवा तिसरा गिअर, इंजिन गाडीला धरून ठेवेल. ऑटोमॅटिक असेल तर हाताने गिअर पाडायची सोय वापरा आणि ती कशी चालते ते घरीच शिकून घ्या. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरू नका. पहिल्या वर्षी मी तसा उतरलो आणि पायथ्याशी थांबलो तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून क्लच जळाल्यासारखा उग्र वास येत होता, रिमला बोट लावता येत नव्हतं. अर्धा तास थांबलो. तेव्हा मुलं गाडीत होती, ते आठवलं की अजून काळजात धस्स होतं.


दक्षिणदार · ९ जुलै

घाटवाट यांचं सगळं पटलं, विन्येटचं सोडून. मी म्हणेन घ्याच. दहा दिवसांचं यंदा (२०२५) १२.४० युरोला आहे. त्सेलला राहून साल्झबुर्ग, वेर्फेन करायचं तर साध्या रस्त्याने जमतं हे खरं. वाल्झरबेर्ग सीमेपासून साल्झबुर्ग-नोर्डपर्यंतचा महामार्ग डिसेंबर २०१९ पासून विन्येटमुक्त आहे हेही खरं. पण एखाद्या संध्याकाळी पाऊस लागला, मुलगी झोपली, म्हातारी माणसं दमली, आणि चुकून एक्झिट निसटली तर? कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि दंड वर्षभराच्या विन्येटपेक्षा जास्त आहे.

घेताना तीन गोष्टी. महामार्ग चालवणारी सरकारी कंपनी आस्फिनाग, तिच्याच दुकानातून किंवा ॲपमधून घ्या. शोध घेतला की सगळ्यात वर जाहिरातीवाले दलाल येतात, ते त्याच विन्येटला वरचे पैसे लावतात. मी एकदा असाच फसलोय. दुसरं, नंबर टाकताना देश जर्मनी निवडलाय का बघा, आणि इंग्रजी ओ अक्षर नि शून्य यांत गल्लत करू नका, चुकीच्या नंबरचं विन्येट म्हणजे विन्येट नसल्यासारखंच. तिसरं, दहा दिवसांचं डिजिटल विन्येट लगेच लागू होतं, पण दोन महिन्यांचं किंवा वर्षाचं ऑनलाइन घेतलं तर ते अठराव्या दिवसापासून चालू होतं. ऐनवेळी ते घेऊन निघणारे दरवर्षी अडकतात.

आणि विन्येट म्हणजे सगळं भरलं असं नाही. ब्रेनर, टाउएर्न, आर्लबेर्ग यांसारख्या ठिकाणी वेगळा टोल असतो. तुमच्या सहलीत त्यातलं काही येत नाही.


पोळपाट · ९ जुलै

श्रावण आणि अंडं नाही म्हणजे बाहेरच्या खाण्याची आशा थोडीच ठेवा, असं आधीच सांगते. नाहीतर तिथे भुकेल्या पोटी चिडचिड होते.

कारण फसवे पदार्थ फार. सूपमध्ये धिरड्याच्या पट्ट्या घालून देतात, दिसायला अगदी आपलं, पण पाणी बीफच्या हाडांचं. तिकडची बटाट्याची कोशिंबीरसुद्धा पुष्कळ ठिकाणी बीफच्याच पाण्यात कालवतात. हे मला चार वर्षांनी कळलं आणि आईला मी ती दोनदा खाऊ घातली होती, ते अजून मनाला लागून आहे. कायझरश्मार्न म्हणजे अंड्याचाच पदार्थ. गेर्मक्न्योडल, आत प्लमचा जाम आणि वर लोणी-खसखस असलेला मोठा उकडीचा गोळा, पुष्कळदा अंडं असतं, विचारूनच घ्या. पुष्कळ चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, ते चालतं का ते सासूबाईंनाच विचारा. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. "मांसाचं पाणीही नको, अंडं नको" असं पूर्ण वाक्य जर्मनमध्ये कागदावर लिहून वेटरला द्या. आत स्वयंपाक्याकडे तो कागद जातो, तोंडचा निरोप अर्धाच पोचतो.

म्हणून स्वयंपाकघर घेतलंत ते उत्तम केलंत. घरमालकिणीला आजच विचारा, शेगडी इंडक्शन आहे की साधी काचेची. इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा हॉकिन्स गरमच होणार नाही. कुकरच्या बुडाला फ्रिजवरचं चुंबक लावून बघा, चिकटलं तर न्या. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी आणि कढईवर झाकण. धुराचा अलार्म वाजला तर अख्ख्या इमारतीत धावपळ होते.

शनिवारी पोचताय ना? तिकडे दुकानं शनिवारी सहाला बंद होतात, रविवारी पूर्ण बंद. वर १५ ऑगस्टला, शुक्रवारी, मेरीच्या स्वर्गारोहणाची सुट्टी आहे, ती अख्ख्या ऑस्ट्रियात. गुरुवारीच भाजी-दूध भरून ठेवा. आल्डीचं किराणा दुकान तिकडे होफर नावाने आहे.

आणि जर्मन शिकून गेलात तरी भाजीवाल्याकडे नावं बदलतात. फ्लॉवर तिकडे कार्फिओल, वांगं मेलान्त्सानी, फरसबी फिझोलेन, टोमॅटो पाराडाइझर, बटाटा एर्डेप्फेल, जर्दाळू मारिलेन. आणि क्वार्क, आपल्या चक्क्यासारखं ताजं चीज, म्हणजे टोपफेन. तो फडक्यात दोन तास टांगला की श्रीखंड अप्रतिम होतं, वेलची-केशर तेवढं इथून न्या. सोमवारच्या उपासाला साबुदाणा आणि दाण्याचं कूटही. नळाचं पाणी बेधडक प्यावं, डोंगराचंच असतं. बाटल्या-कॅनवर १ जानेवारी २०२५ पासून तिकडेही २५ सेंटचं डिपॉझिट आहे, त्या तिकडेच परत करून या, जर्मनीतलं मशीन घेत नाही.

९ ऑगस्टला राखीपौर्णिमा आहे बरं का. नारळी भात आदल्या रात्री करून डब्यात घ्या. वाटेत कुठल्या बाकावर बसून खाल्ला तर सणही होईल.


निरामय · १० जुलै

मी इथे एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, म्हणून सासऱ्यांबद्दल.

आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, भारतातल्या हृदयविकारतज्ज्ञांना फोन करून "तीन हजार मीटरवर काही तास नेऊ का" असा थेट प्रश्न विचारा. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के असतो. केबलकार वीस-तीस मिनिटांत वर नेते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तिथल्या किट्सश्टाइनहॉर्न डोंगराचा वरचा गच्चीसारखा भाग ३,०२९ मीटरवर आहे. तुमच्यासाठी श्मिटनह्योए हा डोंगर, १,९६५ मीटर, जास्त शहाणपणाचं. ग्रोसग्लोकनरला वर गेलात तरी गाडीतून उतरून हळू चाला, बोलता बोलता दम लागला की बसवा, आणि बरं वाटत नसेल तर सरळ खाली या. खाली येणं हाच त्यावरचा पहिला इलाज.

गोळ्या मूळ पाकिटात, आठवड्याच्या हिशेबापेक्षा चार दिवस जास्त. एका कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मात्रा लिहा, उदाहरणार्थ क्लोपिडोग्रेल ७५. भारतातला ब्रँड इथल्या फार्मासिस्टला कळत नाही. अँजिओप्लास्टीच्या कागदाचं पहिलं पान इंग्रजीत सोबत हवं. पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी तातडीचा खर्च मिळतो का तेही वाचा, पुष्कळ पॉलिसींत तो वगळलेला असतो.

तुम्हा तिघांच्या जर्मन विम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजेच युरोपियन आरोग्य कार्ड. ऑस्ट्रियात ते चालतं, पण सरकारी विम्याशी करार असलेल्या डॉक्टरकडेच. दारावर "वालआर्त्स्ट" असेल तर तो खासगी, पैसे तुम्हालाच भरावे लागतील. आणि डोंगरात घसरून हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर ते बिल या कार्डात येत नाही, हजारो युरोंचं असतं. स्वतंत्र परदेश-आरोग्य विमा घ्या, त्यात बचावाचा खर्च आहे का ते तपासून. आल्प्स क्लबचं, म्हणजे आल्पेनफेराइनचं सभासदत्व घेतलं तर त्यात डोंगरातल्या बचावाचा विमा येतो.

फोन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये भरा : ११२ सगळीकडे, १४४ रुग्णवाहिका, १४० डोंगरातली बचाव पथकं.


नवखा · १० जुलै

धागा वाचून हिंमत आली. आम्ही श्टुटगार्टला, आम्हाला स्वित्झर्लंड जवळ. हेच सगळं तिकडे लागू ना?


इसारकाठ · १० जुलै

नाही, आणि इथेच लोक अडकतात. व्हिसापुरतं सारखं, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे सीमेवर कस्टम असतं. निरामय यांनी सांगितलेलं आरोग्य कार्ड आपण भारतीय नागरिक असल्याने स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. डेन्मार्क, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइनमध्येही नाही. जर्मन शेजाऱ्याचं चालतं, आपलं नाही. तिकडे जाताना वेगळा विमा घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

मोबाइलचं रोमिंगही मोफत नाही, काही प्लॅनमध्ये असतं, आपलं बघून घ्या. बोडन तलावाच्या काठी ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्त्सला उभं राहूनसुद्धा फोन पलीकडचं स्विस नेटवर्क पकडतो, तिथे नेटवर्क हाताने निवडा. विन्येट फक्त वर्षाचं मिळतं, ४० फ्रँक. आणि भिंतीतला प्लग वेगळा, जर्मन गोल जाड प्लग त्यात शिरत नाही.


भटकी · १२ जुलै

काय दाखवायचं ते राहूनच गेलं. थोडक्यात सांगते.

क्रिमलचा धबधबा : तीन टप्प्यांत ३८० मीटर. वरपर्यंत चढायची गरज नाही, खालच्या टप्प्यापाशीच तुषारांनी चष्मा ओला होतो. सासूबाईंना जमेल.

वेर्फेनची बर्फाची गुहा आइसरीझनवेल्ट, जगातली सगळ्यात मोठी. आत जवळपास ७०० पायऱ्या चढून तेवढ्याच उतरायच्या, वर गाडीतळ ते केबलकार आणि केबलकार ते तोंड अशी दोन्हीकडे चढण. आत ऑगस्टमध्येही शून्याच्या आसपास, हातमोजे लागतात. गुडघेदुखीला नाही. तुम्ही दोघं आणि लेक जा, त्यांना त्सेलच्या तलावावर बोटीत बसवा. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच जायचं हा हट्ट सोडला तर आठवडा छान जातो, हे मी आई-बाबांच्या दोन सहलींनंतर शिकले.

घरमालकिणीला विचारा, त्यांचं घर त्सेल-काप्रुनच्या समर कार्डात आहे का. असेल तर केबलकार आणि बोट त्यात येतात. ते कार्ड विकत मिळत नाही, राहण्याच्या जागेकडूनच मिळतं. आणि साल्झबुर्ग प्रांतात रात्र काढणाऱ्या पाहुण्यांना १ मे २०२५ पासून बस-रेल्वेचं मोबिलिटी तिकीट मिळतं. एक दिवस गाडीला विश्रांती द्या, नवऱ्यालाही खिडकीतून बघू द्या.

उन्हाळ्यात दुपारनंतर डोंगरात गडगडाट होतो. वर जायचं ते सकाळी आठ-नऊला, आणि खाली यायच्या शेवटच्या केबलकारची वेळ वर पोचल्या पोचल्या पाटीवर बघून ठेवायची.


मोगरा · ३१ जुलै

धागा वर काढते. अर्ज ९ जुलैलाच केला होता, बुकिंग जोडून. काल कागद हातात आला. तिथेच उभ्या उभ्या तिसरं पान उघडलं. तिसऱ्या चौकोनात खूण. नवऱ्याने फोटो काढून घरी पाठवला तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी अडीच हजार मीटरला हो म्हटलंय, तीन हजारला नाही. शेगडी इंडक्शन आहे आणि कुकरला चुंबक चिकटलं नाही, म्हणून स्टीलचा घेतला. विन्येट घेतलं, दक्षिणदार यांचं ऐकून.


मोगरा · १८ ऑगस्ट

परवा परत आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायलाच हवं, म्हणून आज मोठं लिहिते.

पहाटे पाचला निघायचे साडेपाच झाले, तरी म्युनिकच्या पुढे गर्दी लागायच्या आत झीग्सडॉर्फला उतरलो. इन्त्सेलच्या पुढे नदीकाठी बाक सापडला. तिथे नारळी भाताचा डबा उघडला. लेकीने भारतातल्या मामेभावाला व्हिडिओवर राखी दाखवली. दोन जर्मन सायकलवाले थांबले, त्यांना सासूबाईंनी वाटीत भात दिला आणि "गूळ आहे, नारळ आहे" असं मराठीतच समजावलं. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

रविवारी दुकानं बंद हे माहीत होतं म्हणून काही अडलं नाही. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक पंजाबी कुटुंब होतं, त्यांना माहीत नव्हतं, त्यांना आमच्यातलं दूध आणि कणीक दिली. सोमवारी साबुदाण्याची खिचडी. टोपफेनचं श्रीखंड १५ ऑगस्टला केलं, झेंडावंदनाच्या दिवशी गोड हवं म्हणून. पोळपाटताई, तुमचा कागद प्रत्येक ठिकाणी दिला. एका हॉटेलात तर स्वयंपाकी बाहेर येऊन म्हणाला की आमच्या बटाट्याच्या कोशिंबिरीत बीफचं पाणी आहे, तुमच्यासाठी नुसत्या व्हिनेगर-तेलात करतो. कागद नसता तर आम्हाला कधीच कळलं नसतं.

ग्रोसग्लोकनर बुधवारी केला. सकाळी साडेसातला फेरलाइटनला. नवऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये चढवली. वर एडेलवाइसश्पित्सेला, २,५७१ मीटर, डॉक्टरांच्या हद्दीपेक्षा थोडं जास्त, म्हणून तिथे गाडी नेलीच नाही. खालच्याच थांब्यावर उतरलो. सासरे दहा पावलं चालले, कठड्याला हात टेकून उभे राहिले. समोर बर्फ. एक शब्द बोलले नाहीत. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "आईला दाखवायला हवं होतं." त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंना जाऊन तेवीस वर्षं झाली. तिथून पुढे फ्रान्झ-योझेफ्स-ह्योएला गेलो, २,३६९ मीटर. खाली पास्तेर्झे हिमनदी दिसते, पण ती आता इतकी मागे गेलीय की बर्फापेक्षा राखाडी दगडच जास्त. पूर्वी ती कुठपर्यंत होती ते त्यांना दाखवलं तेव्हा बराच वेळ बघत बसले. उतरताना त्याच गिअरला उतरलो. घाटवाट, पायथ्याला मी मुद्दाम चाकाजवळ वाकून बघितलं, वास नव्हता.

गुहेला आम्ही तिघंच गेलो. ते दोघं त्या दिवशी बोटीतून दोन फेऱ्या मारून आले आणि आल्यावर आम्हालाच त्सेलची माहिती देत होते. समर कार्ड होतं, आजी-आजोबांनाही मिळालं.

परतीला लोफरकडून जर्मनीत शिरताना थांबवलं. कोवळ्या वयाची पोलिस मुलगी. पाच पासपोर्ट घेतले, सगळे चाळले. माझं कार्ड हातात धरून म्हणाली, हे चार दिवसांपूर्वी संपलंय. मी कागद दिला. तिने तो उघडला, तिसऱ्या पानावर आली, बोट त्या तिसऱ्या चौकोनावर ठेवलं, पुन्हा जुन्या कार्डावरच्या फोटोकडे बघितलं. सगळं मिळून एक मिनिट असेल. मग सगळे पासपोर्ट एकत्र करून सासूबाईंच्या हातात दिले आणि "सुखरूप जा" म्हणाली. सासूबाईंनी घर येईपर्यंत ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.


नवखा · १९ ऑगस्ट

वाचताना डोळ्यात पाणी आलं. माझं कार्ड काढून बघितलं, डिसेंबरपर्यंत आहे. आम्ही ऑक्टोबरच्या सुट्टीत जाणार. अर्ज किती आधी करावा?


इसारकाठ · १९ ऑगस्ट

दोन-तीन महिने आधी, म्हणजे सप्टेंबरमध्येच टाका, डिसेंबरची वाट बघू नका. ऑक्टोबरात तुमचं जुनंच कार्ड वैध आहे, तेव्हा सहलीला ते पुरेल. आणि स्वित्झर्लंडच ठरलं असेल तर आरोग्य विमा आजच बघा.